कातळकासव आणि लोखंडी छर्रा

काचेची गोटी फुटल्याचा खळकन आवाज बापू मगदुमांच्या कानात लहानपणापासून बसला होता. गल्लीतला एक दांडगा पोरगा ट्रकच्या बेअरिंगमधला लोखंडी छर्रा घेऊन यायचा, सगळ्यांच्या गोट्या फोडायचा आणि वर म्हणायचा, "नेम आहे माझा."

आता मिरजेत बापूंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दरवर्षी तिथे पडद्यावरच्या राक्षसांच्या झुंजींची स्पर्धा भरे. गेल्या वर्षी शार्दूल इनामदारने कातळकासव आणलं. ते समोरच्या राक्षसाला विष चढवून कवचात शिरे आणि आत बसून स्वतःच्या जखमा भरत राही. समोरचा ताटकळत मरे. यंदा नावं द्यायलाच कुणी येईना. स्पर्धा बंद पडायची वेळ आली.

बापू म्हणाले, "शार्दूलराव, कासवाला जरा वेसण घालू या. जखम एकदाच भरायची."

"कासवात काही नाही, बापू. डोकं लागतं," शार्दूल हसला. "आणि बक्षीस माझे वडील देतात, एवढं लक्षात असू द्या."

"मग राहू दे कासव," बापू सावकाश म्हणाले. "आमच्या गल्लीत एक नियम होता. नेमाची बढाई मारली, की गोट्या बदलून खेळायचं. गेल्या वर्षी तुमच्याशी हरलेली ही रेवती तुमचं कासव घेईल, तुम्ही तिचा राक्षस, तो बेडूक, घ्या. डोकं ज्याचं त्याच्याकडेच राहील."

रेवतीने लगेच हात पुढे केला. शार्दूलने पडद्यावरच्या मरतुकड्या बेडकाकडे पाहिलं, हातातला रिमोट टेबलावर ठेवला आणि दाराबाहेर पडला.