हाकाऱ्याचा मानाचा शेला

फार फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, मलाही ती ऐकूनच ठाऊक. एका डोंगराळ राज्यात एक नदी होती, मोठी लबाड. पाऊस कोसळायचा वर डोंगरात, आणि खाली खोऱ्यात लख्ख ऊन असताना पाण्याचा लोंढा यायचा. खोऱ्यातली माणसं तर दिवसभर कोरड्या पात्रात चटयांसाठी लव्हाळी कापत असायची. म्हणून कड्यावर एक हाकाऱ्या बसे. लोंढा दिसला की तो हाक घाली, "पाणी आलं होऽऽ!" आणि माणसं धावत काठ गाठत.

त्याची हाक म्हणजे काय सांगू! पार पलीकडच्या टेकडीवरची गुरं माना वर करायची. राजा खूश झाला आणि त्याने हाकाऱ्याला जरीचा शेला दिला. मानाचा शेला पोटाला सात वेढे घालून करकचून आवळायचा, अशी दरबारची रीत होती. सैल बांधला की राजाचा अपमान.

महिनाभरात हाक तोकडी पडू लागली. मग ती मध्येच तुटू लागली. हाकाऱ्याची एकुलती एक लेक रोज त्याच पात्रात लव्हाळी कापत होती. आजच लोंढा आला तर? पण बोलणार कुणाला? मानाचा हाकाऱ्या, आणि आवाज बसला म्हणून सांगायचं? छे!

त्याने मध चाटला, ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या गुळण्या केल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! रोज सकाळी लेक विळा घेऊन निघाली की तो धावत कडा गाठी.

शेवटी तो गुपचूप म्हाताऱ्या लोहारणीकडे गेला. ती भाता ओढत बसली होती.

"आजी, माझा गळा गेला गं. काहीतरी कर."

"गळ्यावर बोट ठेव आणि 'आ' म्हण. थरथरतंय ना?"

"थरथरतंय."

"मग गळा शाबूत आहे, मेल्या! हा भाता बघ. त्यात वारा भरला तर विस्तव फुलतो. तुझंही तसंच. श्वास भरतो, वर येतो, गळ्यातले पडदे थरथरवतो, तेव्हा कुठे आवाज होतो. जीभ आणि ओठ त्याचे शब्द करतात. आणि तू तर भाताच आवळून बांधलायस. सोड तो शेला!"

"अगं, राजाने दिलेला मान आहे. लोक काय म्हणतील?"

"बुडालेले लोक काही म्हणत नसतात," म्हातारी म्हणाली.

हाकाऱ्या रागाने निघून आला. शेला तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या वळणावर गढूळ लोंढा दिसला. हाकाऱ्या ताडकन उठला आणि ओरडला. नुसता चिरका आवाज निघाला. खाली कुणी मान वर केली नाही. तो पुन्हा ओरडला. घशात रक्ताची चव आली. लेक पाठमोरी वाकून लव्हाळी कापत होती.

त्याने शेल्याची गाठ ओढली, ती सुटेना. मग कमरेचा कोयता काढला आणि सातही वेढे सर्रकन कापले. पोट फुगलं, छाती भरली, आणि हाक निघाली, "पाणी आलं होऽऽ!"

माणसं सैरावैरा धावली. लेक काठाला लागली तेव्हा पाणी तिच्या गळ्याशी होतं. सगळे वाचले, एक सोडून. पात्राच्या टोकाला लव्हाळी कापणारा म्हातारा चटईवाला चार पावलांनी कमी पडला.

संध्याकाळी लेक ओल्या कपड्यांनी कडा चढून आली. "बाबा," ती म्हणाली, "आज एवढा उशीर का केलात?"

हाकाऱ्याने कापलेल्या शेल्याचे तुकडे तिच्या हातात ठेवले.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, लक्षात ठेवा: जो मान श्वास आवळतो तो वेळीच सोडावा, कारण श्वासावाचून हाक नाही आणि हाकेवाचून माणूस वाचत नाही.