लसूणवाल्या शेठची शाळा

एका शहरात फुलचंद नावाचा लसणाचा एक व्यापारी होता. मोठमोठ्या हॉटेलांना तो सोललेला लसूण पुरवायचा. पाकळीवर नखाचा ओरखडाही नको, असा त्याचा हट्ट. आता तो लसूण शेवटी वाटलाच जायचा, मग ओरखडा कोण बघणार होतं? पण शेठला ते सांगणार कोण!

रोज सकाळी त्याचा टेम्पो नाल्याकाठच्या वस्तीत पोती टाकून जाई आणि दुपारी सोललेला लसूण घेऊन जाई. वस्तीतल्या बायांची नखं कष्टाने जाड झालेली. ती पाकळीला लागत. म्हणून घरोघरी सोलायला मुलं बसत.

फुलचंद मनाने वाईट नव्हता. वस्तीजवळच्या शाळेला त्याने नवा वर्ग बांधून दिला, मुलांसाठी दप्तरं घेतली. उद्घाटनाच्या दिवशी तो फेटा बांधून हजर झाला. पाहतो तर बाकं रिकामी.

"फुकट मिळालेलं शिक्षणसुद्धा नको यांना!" शेठ चिडला.

शाळेच्या शिक्षिका ढवळेबाई पुढे झाल्या. त्या शेठला वस्तीत घेऊन गेल्या. पहिल्याच दारात आम्रपाली नावाची चुणचुणीत मुलगी आईशेजारी लसूण सोलत बसली होती.

"काय गं, शाळेत का नाही आलीस?" शेठने दरडावलं.

"यायचं होतं मला," आम्रपाली मान खाली घालून म्हणाली. "पण दुपारी तुमचा टेम्पो येतो. तोवर झालं नाही, तर उद्या पोतं दुसऱ्या घरी जातं."

आई घाबरली. "पोर आहे शेठ, मनावर घेऊ नका. काम तेवढं तोडू नका."

शेठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या मुलांसाठी वर्ग बांधला, त्यांना घरी त्यानेच बसवून ठेवलं होतं.

"मुलांशिवाय असा माल मिळायचा नाही. गिऱ्हाइकं तुटतील," मुलांचं काम थांबवायचं म्हणताच शेठचा हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींनी बजावलं. शेठला ते पटत होतं, म्हणूनच त्याला अन्न गोड लागेना. शेवटी त्याने वस्तीत जाऊन सांगितलं, "ओरखडा पडला तरी चालेल. टेम्पो संध्याकाळी येईल. मजुरी वाढवून देतो. पण सोलायला मोठी माणसंच बसली पाहिजेत." काही गिऱ्हाइकं खरंच तुटली. शेठने ते सोसलं.

आम्रपाली शाळेत आली. पाटीवर लिहिताना तिचा हात थबकला. लसणाने बोटांची सालं निघाली होती.

"आज नुसती ऐकत बस," ढवळेबाई म्हणाल्या.

"लिहिते ना बाई. चुरचुरण्याची सवय आहे मला."

बाई तिच्याजवळ बसल्या. तिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "ही सवय आता मोडायची हं, बाळा."

तात्पर्य: कुणाला मदतीचा हात देण्याआधी, त्याची वाट आपणच तर अडवलेली नाही ना, हे पाहावं, आणि अडवली असेल, तर नुकसान सोसूनही बाजूला व्हावं.