दादाची शेपटी सुटली

सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तेव्हा नाकुलीच्या तोंडातून दादाची शेपटी सुटली.

नाकुली म्हणजे चिचुंद्रीचं पिल्लू. अंगठ्याएवढं. डोळे इवले इवले, नाक मात्र हे एवढं. चिचुंद्रीची पिल्लं कुठे निघाली की रांगेनेच निघतात. पुढे आई. आईची शेपटी ताईच्या तोंडात. ताईची शेपटी दादाच्या तोंडात. दादाची शेपटी नाकुलीच्या तोंडात. आणि चालायचं, लुटुलुटु, लुटुलुटु.

मोठ्या बागेत जायचा बेत आठ दिवस चालला होता. हजार झाडांची बाग ती. प्रत्येक झाडापुढे नावाची पाटी. आईने सगळं ठरवून ठेवलं होतं. खताची गाडी आत जाईल, तिच्या मागोमाग शिरायचं. तळ्याकडे जायचं नाही. माणसांचे बूट यायच्या आत पालापाचोळ्याचा ढीग गाठायचा, तिथे गांडुळंच गांडुळं. आणि शेपटी सोडायची नाही. शिंक आली तरी नाही. खाज आली तरी नाही.

शिंक आली नाही. खाजही आली नाही. पण गेटपाशी नाकुलीला राहवेना. तिने विचारलं, "आई, आलो का?"

विचारायला तोंड उघडलं. शेपटी सुटली. रांग आत गेली. गेट लागलं, धडाम्.

नाकुली एकटीच बाहेर.

वर भिंतीवर कावळा. काळा काळा. त्याने मान वाकडी करून खाली बघितलं.

नाकुली गेटला म्हणाली,
"गेटा रे गेटा, उघड ना.
आई भेटेना."

गेट म्हणालं, "मी कसं उघडू? मला कुलूप आहे. किल्ली लिंबाजीकाकांकडे."

आई गेली असेल का?

टप. कावळा एक उडी जवळ आला.

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. लिंबाजीकाका म्हणजे बागेचे रखवालदार. स्टुलावर बसले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"काका हो काका, उठा ना.
गेट उघडेना,
आई भेटेना."

काका म्हणाले, "गाडीसाठी एकदा उठलो की. आता चहा पोटात गेल्याशिवाय उठत नाही."

आई गेली असेल का?

टप. कावळा एक उडी जवळ आला.

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. रस्त्यापलीकडे हौसामावशीची चहाची गाडी. रस्ता केवढा रुंद. नाकुली डोळे मिटूनच पलीकडे गेली.

"मावशी गं मावशी, चहा टाक ना.
काका उठेनात,
गेट उघडेना,
आई भेटेना."

मावशी म्हणाली, "गवती चहाची पात संपली बघ. तुझे काका म्हणजे नवाबसाहेब. पात नसली तर कप परत पाठवतात. तू पात आण, मी चहा टाकते."

आई गेली असेल का?

टप. कावळा एक उडी जवळ आला.

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पुन्हा रस्ता. पुन्हा डोळे मिटले. भिंतीच्या कडेला गवती चहाचा झुपका होता. त्याची टोकं वाळली होती.

"चहा रे चहा, पात दे ना.
मावशी चहा टाकेना,
काका उठेनात,
गेट उघडेना,
आई भेटेना."

गवती चहा म्हणाला, "कालपासून माझा घसा कोरडा. आधी पाणी, मग पात."

आई गेली असेल का?

टप. कावळा एक उडी जवळ आला.

नाकुली निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. जवळच एक बुटका नळ. रोज ठिबकायचा. आज गप्प.

"नळा रे नळा, पाणी दे ना.
चहा पात देईना,
मावशी चहा टाकेना,
काका उठेनात,
गेट उघडेना,
आई भेटेना."

नळ म्हणाला, "घुर्र, घुर्र. मी कसा वाहू? माझ्या घशात झुरळ बसलंय."

आई गेली असेल का?

टप. कावळा नळावरच येऊन बसला.

आता पळायलाही जागा नाही. वर कावळ्याची चोच. पुढे नळाचं तोंड, आत अंधार. नाकुलीने अंधारात नाक घातलं.

"झुरळा रे झुरळा, हल ना.
नळ वाहेना,
चहा पात देईना,
मावशी चहा टाकेना,
काका उठेनात,
गेट उघडेना,
आई भेटेना."

आतून बारीक आवाज आला, "मी नाही येत. मला भीती वाटते. बाहेर चिचुंद्री असते. ती झुरळांना खाते."

नाकुली दचकली. तिने मागे बघितलं. "कुठे आहे?"

मागे कोणी नव्हतं.

मग तिला समजलं. ती हळूच म्हणाली, "अरे, चिचुंद्री म्हणजे मीच की."

सुर्रर्र. झुरळ हललं, बाहेर पळालं.
भळाभळा नळ वाहिला. कावळ्याचे पाय भिजले, तो फडफड उडाला.
गवती चहा गटागटा पाणी प्यायला. त्याने पात दिली. हातभर लांब.

नाकुलीने पात दातात धरली. ओढत ओढत निघाली. रस्त्याच्या मधोमध कावळा खाली झेपावला. नाकुलीने तोंड उघडलं नाही. पात सोडली नाही. मावशीने बघितलं. हातातलं फडकं फिरवत धावली, "हाऽऽड मेल्या." कावळा लांब उडून गेला.

मावशीने चहा टाकला.
काका फुर्र फुर्र चहा प्यायले. काका उठले.
किल्ली फिरली, खट्.
गेट उघडलं, करकरकर.

नाकुलीला बघायचा धीर होईना. आई गेली असेल का?

आई कुठेच गेली नव्हती. गेटला नाक लावून तिथेच उभी होती. नाकाला सगळा गंज लागला होता. ताई तिला चिकटलेली. दादा ताईला चिकटलेला. आईने नाकुलीला चाटलं. डोकं, पाठ, शेपटी, पुन्हा डोकं.

मग रांग निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. पण आता आई दर दहा पावलांवर थांबते. विचारते, "सगळे आहात ना? मागे सांगा." ताई दादाला सांगते, नाकातल्या नाकात. दादा नाकुलीला सांगतो.

नाकुलीच्या मागे कोण?

तूच आहेस, बाळा. आई थांबलीय. तुझ्या मागे कोण आहे बघ, आणि त्याला सांग.