निवळाईचा उजवा हात

निवळाईच्या मूर्तीला उजवा हात नाही. मनगटापाशी तो तुटला आहे आणि तुटल्या जागी दगड तेल पिऊन पिऊन काळा, गुळगुळीत झाला आहे. खैरगाळात येणारे पाहुणे आधी तेच पाहतात आणि विचारतात, खंडित मूर्ती पुजत नाहीत ना, मग ही कशी? देवळाच्या पडवीत वाती वळत बसलेल्या द्वारकाकाकू तेव्हा देवीची गोष्ट नंतर सांगतात, आधी स्वतःच्या नवसाची.

लग्नाला दोनच वर्षं झाली होती. जत्रेच्या गर्दीत कुणीतरी त्यांच्या गळ्यातली मोहनमाळ ओढून नेली. आईने स्वतःच्या पाटल्या मोडून केलेली. काकू तशाच देवीपुढे गेल्या नि बोलल्या, "ज्याने नेली त्याचे हात झडू देत. तुला हिरवं लुगडं नेसवीन." सासूबाईंनी ते ऐकलं. तिथेच उंबऱ्याशी बसवून त्यांनी सुनेला यसूची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा काकूंनी नवस मागे घेतला. लुगडं मात्र नेसवलं, क्षमा मागून.

फार जुन्या काळी, म्हणे, वरच्या गडावर एक किल्लेदार होता. कुणाच्या राज्यातला, ते कुणी सांगत नाही. "तसले सगळ्याच राज्यांत असतात," असं काकू म्हणतात आणि पुढे जातात. त्याने तटाचं काम काढलं आणि घरटी एक माणूस वेठीला धरला. जो येणार नाही त्याचा उजवा हात मनगटातून तोडायचा, असा हुकूम. पण माणूस बेरकी. म्हणायचा, "शिक्षा देणारा मी कोण? देवीला विचारा."

मग माणसाला बांधून देवळात आणत. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवी, गाऱ्हाणं घाली आणि सगळे वाट बघत. उजवी कळी आधी पडली तर माणूस निर्दोष, डावी पडली तर दोषी. एका उन्हाळ्यात असा सात वेळा कौल लागला. सातही वेळा डावी पडली. लोक हात जोडून घरी जात. देवीच बोलली म्हटल्यावर माणसाने काय बोलायचं?

गुरवाची बायको यसू. कळ्या खुडायचं काम तिचं आणि रोज सकाळी देवीला न्हाऊ घालायचंही तिचंच. कौलाच्या दुसऱ्या दिवशी मात्र गुरव म्हणे, "आज राहू दे, मी घालतो." सातवा हात गेला त्या दिवशी यसू ताटावरून उठली. पोरांचे ताप जिच्या पायाशी ठेवायचे, ती हात मागते? तिला देवीचा राग आला, आणि राग आला म्हणून भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी गुरवाला भल्या सकाळीच गडावर बोलावणं आलं, म्हणून न्हाऊ घालायला यसू गेली. कालची उजवी कळी अजून देवीच्या खांद्यावरच होती. पाणी ओतलं, निघेना. नखाने खरवडली तर बोटाला बोट चिकटलं. यसूने बोटं नाकाशी नेली. फणसाचा चीक. पाण्याने न हटणारा चीक कशाने सुटतो हे तिकडच्या मुलीला शिकवावं लागत नाही. तिने समईतलं तेल बोटाला लावलं आणि कळी सुटून हातात आली.

गुरव परतला तो बातमी घेऊनच. उद्या धाकू कुंभाराचा कौल. मडक्यांचा आवा पेटलेला आहे, तीन दिवसांनी येतो, एवढंच धाकू म्हणाला होता. यसूने कळी पुढे धरली.

"हे काय आहे?"

"हळू बोल."

"सात हात गेले, आणि मी हळू बोलू?"

"नाही म्हटलं तर माझा हात जातो, यसू."

"मग तुमचा जाऊ द्यायचा होता! देवीला कशाला या खाटीकखान्यात बसवलीत?"



दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरलं. धाकू पुढे, त्याच्या हातांना अजून माती. किल्लेदाराच्या दटावणीने गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी कळी हलली, तोच यसू तेलाची वाटी घेऊन पुढे झाली. "थांबा, देवीचं तेल राहिलंय," म्हणाली आणि वाटी उजव्या खांद्यावर रिकामी केली. कळी घसरून तिच्या तळहातावर आली. तिने ती उलटी करून सगळ्यांना दाखवली.

"हा बघा तुमचा कौल. फणसाच्या झाडावरनं काढलेला!"

मागून एक म्हातारी आली. तिच्या मुलाचा हात तिसरा गेला होता. तिने कळी हुंगली. "चीकच गो," ती म्हणाली. गुरव पुढे आला नि म्हणाला, "मी लावला. सातही वेळा."

किल्लेदार ओरडला, "देवीचा अपमान! आधी हिचा हात तोडा."

यसूने आपणहून उजवा हात चौथऱ्यावर ठेवला. "तोडा. पण देवीचं नाव घेऊन नाही. म्हणा, मी तोडतोय, मला हवंय म्हणून तोडतोय. म्हणा की!"

ते त्याच्या तोंडून निघेना. कुऱ्हाडवाला मागे सरला. तेव्हा किल्लेदाराने स्वतःच तलवार उपसली आणि घाव घातला. आवाज झाला तो दगडाचा. यसूचा हात होता तसा होता. देवीचा उजवा पंजा तुटून यसूच्या पायाशी पडला होता.

पुढचं दोन तऱ्हेने सांगतात. कुणी म्हणतं किल्लेदार त्याच पावली पळाला, कुणी म्हणतं आठवडाभर एकही माणूस वेठीला गेला नाही आणि गड आपोआप रिकामा झाला. काकूंना दुसरं खरं वाटतं.

परवा सांगलीहून आलेली ऋता नावाची मुलगी म्हणाली, "पण काकू, दोष शेवटी धर्माचाच ना? देवी नसती तर कौल नसता, कौल नसता तर हात गेले नसते."

काकूंच्या हातातली वात थांबली. "अगं, हुकूम कुणाचा? कुऱ्हाड कुणाची? देवी नसती तर त्याने दुसरा आडोसा शोधला असता, कायदा म्हणाला असता, राज्याचं भलं म्हणाला असता. ती बोलत नाही म्हणून तिच्या तोंडी वाटेल ते घालायचं, आणि वर तिलाच बोल लावायचा?" मग आवाज खाली आला. "पण आम्हीही सुटत नाही हो. चीक लावला तो गुरवानेच, आणि सात वेळा हात जोडून घरी गेलं ते आमचंच गाव. भक्ती म्हणून गप्प बसलं. त्याचाच मला जास्त राग येतो."

आजही खैरगाळात पावसासाठी, विहिरीसाठी, लग्नकार्यासाठी कौल लावतात. माणूस दोषी की निर्दोष, हे देवीला कुणी विचारत नाही. कळ्या गुरव लावत नाही. पाच घरच्या बाया, बोटांना तेल लावून पुसून, सगळ्यांदेखत लावतात. देवीला बांगड्या भरतात त्या डाव्याच हातात. उजव्या मनगटावर येणारा प्रत्येक जण तेल घालतो.

काकूंनी वाटी ऋताच्या हातात दिली.

"घाल थोडं. नवस बोलायचा तर खुशाल बोल, ती ऐकते. पण कुणाचे हात झडावेत असं मनात असेल, तर... असतं गं, माझ्याही होतं... ते मागू नकोस. तिचा एक हात गेलाय. दुसरा राहू दे."