पाळी देणारी राजकन्या

एका राज्यात सभा रोज भरे, पण निर्णय घेऊन कधी उठत नसे. सातही प्रधान एकदमच बोलत. हे हेरून भ्रमरनाथ मांत्रिकानं राजाला एक बंद पेटी नजर केली. राजानं तिला हात लावला मात्र, त्याचे पाय दगडाचे झाले. पेटी बोलली, "माझं काय करायचं ते सभेनं एकमतानं ठरवावं. न ठरल्यास सातव्या दिवशी राजाचा पुतळा होईल."

सहा दिवस नुसता गलका झाला. दगड राजाच्या गळ्याशी आला. राजकन्या कनकलेखा घायकुतीला आली. तिला आपले वडील हवे होते. तेव्हा दरबारातली म्हातारी साळुंकी म्हणाली, "कन्ये, एकानं वेळ पाहावी, एकानं खोट काढावी, एकानं पाळी द्यावी. पण पाळी देणाऱ्यानं स्वतःचं मत बोलू नये. बोलल्यास सारं व्यर्थ."

सेनापती रणधवल बोलू लागले की जेवणवेळ टळे. कनकलेखेनं पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र त्यांच्याच पुढ्यात ठेवलं.

"हे बुडालं की बोलणाऱ्याला थांबवायचं. स्वतःलासुद्धा."

"आज्ञा," सेनापती म्हणाले. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

खोट काढायला तिनं कोठीप्रधान भद्रशील निवडले. ते सभेत कधी चकार शब्द काढत नसत.

"मी? सारे रागावतील."

"रागावू देत. आज आपलं कामच ते आहे."

पाळी द्यायला ती स्वतः बसली. पेटी कुऱ्हाडीनं फोडावी, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ते कुणीच म्हणेना. तिची जीभ वळवळत होती, पण ती ओठ घट्ट मिटून पाळी देत राहिली.

"तळ्यात बुडवा," एक प्रधान म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

भद्रशील चाचरत म्हणाले, "ते पाणी सारं नगर पितं."

माना थांबल्या. दगड राजाच्या ओठांवर चढला. घटिकापात्र बुडालं, पाळी वृद्ध प्रधानांची आली.

"ज्याची त्याला परत करा."

भद्रशीलांनी पुष्कळ विचार केला. खोट सापडेना. सात हात वर झाले.

तत्क्षणी दगड गळून पडला, आणि पेटी उडून भ्रमरनाथाच्या गुहेत गेली. त्यानं रागारागानं झाकण फोडलं. आतून करडी धूळ उसळली आणि तो जागच्या जागी दगड झाला. साळुंकीनं ही वार्ता आणली.

राजानं विचारलं, "कन्ये, तू गप्पच होतीस. तुझं मत काय होतं?"

"पेटी इथंच फोडावी."

सातही प्रधानांनी चटकन आपापल्या पायांकडे पाहिलं. राजानं लेकीला जवळ घेतलं आणि सात दिवसांत प्रथमच तो हसला.

"मग उद्यापासून पाळी तूच देत जा."