थोरलीचा वार

रानाच्या कडेला करवंदीच्या जाळीत एक सशीण राहत असे. तिला सात पिल्ले होती. ओढ्यापलीकडे कासवगुरुजींची शाळा होती. कोल्ह्याचा माग, ससाण्याची सावली, शिकाऱ्याचा फास अशा जीव वाचवणाऱ्या खुणा तिथे शिकवत. पण सगळीच पिल्ले शाळेत गेली तर पाला कोण आणणार आणि धाकट्यांना कोण सांभाळणार? सशिणीने डोके चालवले. पिल्ले सात, वारही सात. एकेकाला एकेक वार! रडकी धाकटी पिल्ले आधी पुढे झाली आणि त्यांनी सोमवारपासून शनिवारपर्यंतचे वार पटकावले. कधीच न रडणाऱ्या थोरलीसाठी रविवार उरला. भांडणे नकोत म्हणून सशिणीने बजावले, "ज्याचा वार, त्याचा धडा. दुसऱ्याच्या धड्यात नाक खुपसायचं नाही." मुलांनो, तुम्हाला हसू आले असेल. सशीण बिचारी स्वतः कधी शाळेत गेली नव्हती, तिला काय ठाऊक!

पहिल्याच रविवारी थोरली हिरमुसून परतली. "आई, शाळेचं फाटक बंद होतं."

"उशीर केला असशील. पुढच्या रविवारी लवकर निघ."

ती लवकर निघाली. मग त्याहून लवकर. फाटक काही उघडले नाही. फटीतून आतला फळा बघायची आणि परत येऊन धाकट्यांना न्हाऊ घालायची. कासवगुरुजींना मात्र सशांची सगळी पिल्ले सारखीच दिसत. ते चष्म्याआडून विचारत, "सशिणीचं पिल्लू?" कोणीतरी ओरडे, "हजर!" वर्ष संपले तेव्हा पूर्ण हजेरीचे बक्षीस म्हणून त्यांनी पळसाचे पान दिले. सशिणीने ते मोठ्या कौतुकाने जाळीच्या तोंडाशी लावले.

एकदा शहरातल्या बागेत राहणारी मावशी आली. तिने पान पाहिले, पिल्लांना चार प्रश्न विचारले आणि तिचे कानच खाली पडले. एकाला माग कळत होता, सावली नाही. दुसऱ्याला सावली कळत होती, माग नाही. थोरलीला काहीच येत नव्हते.

"अगं अक्का, रविवारी शाळेला सुट्टी असते! हिला दुसरा वार दे."

"कुणाचा काढून घेऊ?" सशीण म्हणाली. "तुमच्या शहरात बरं असतं बाई."

"शहराचं काही सांगू नकोस. माझी दोनच आहेत, म्हणून रोज जातात. शेजारणीची नऊ आहेत. शाळा दाराशी, तरी तिची थोरली धाकट्यांनाच खेळवत बसते. हिला माझ्याकडे पाठव, मी शिकवते."

थोरलीने आईकडे पाहिले. आईने धाकट्यांकडे पाहिले. "ही गेली तर माझं कसं व्हायचं?" ती म्हणाली आणि विषय संपला. मावशी एकटीच परत गेली.

तरीही थोरली दर रविवारी फाटकापर्यंत जात राहिली. सुट्टी असली तरी तेवढाच वार तिचा होता. अशाच एका रविवारी वाटेत हरभऱ्याची कोवळी डहाळी दिसली. धाकट्यांना आवडेल म्हणून ती वाकली आणि गवतातला फास तिच्या गळ्याला आवळला.

सगळी धावत आली, पण फार उशीर झाला होता. गुरुवारचे पिल्लू रडत म्हणाले, "आई, वाटेत अशी आयती डहाळी दिसली की फास असतोच. गुरुजींनी कधीच शिकवलंय."

"मग ताईला का नाही सांगितलंस रे?" सशिणीने हंबरडा फोडला.

"तूच म्हणाली होतीस ना, ज्याचा वार, त्याचा धडा."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चष्मा सारखा करून विचारले, "सशिणीचं पिल्लू?"

"हजर!"

त्या वर्षीही सशिणीला पळसाचे पान मिळाले.

तात्पर्य : शिक्षण हिरव्या पाल्यासारखे वाटून पुरवता येत नाही. रान असो की शहर, रोज शाळेत धाडता येतील तेवढीच पिल्ले असावीत, नाहीतर जे पिल्लू रडत नाही, त्याच्याच वाट्याला बंद फाटक येते.