चार डंख आणि एक मेणा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा गावांना नावं नव्हती. म्हाताऱ्यांना मतं मात्र होती.

अशाच एका गावात पाच थोर होते. गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत ठरलेलं असे, आणि एकदा ठरलं की ते बदलत नसे. उडणाऱ्या आणि डंख मारणाऱ्या सगळ्या जिवांना त्यांनी मिळून एकच नाव दिलं होतं, ‘चावरी’. लहान असो की मोठी, पिवळी असो की काळी, चावरी म्हणजे चावरी. दिसली की धूर करा आणि जाळून टाका. थोर सांगत आणि गाव ऐकत असे.

गावाच्या कडेला साळू नावाची तरुण मुलगी आपल्या अधू बापाबरोबर राहत होती. त्यांच्या घराच्या मातीच्या भिंतीत एक मडकं आडवं बसवलेलं होतं. मडक्याचं तोंड बाहेर होतं आणि आत मध करणाऱ्या सातेरी माश्यांची वस्ती होती. साळूच्या आईने वारण्याच्या दोन वर्षं आधी त्या माश्यांना हे घर दिलं होतं. आईची दुसरी कुठलीही वस्तू घरात उरली नव्हती. साळू रोज सकाळी त्या मडक्यापाशी बसे. पाहता पाहता तिला माश्या ओळखू येऊ लागल्या. आधी मडक्यातल्या, मग भिंतीवरच्या, मग गावभरच्या.

एके दुपारी या पाचांतल्या थोरल्या कारभाऱ्यांच्या घरातून किंकाळी ऐकू आली. कारभारीणबाई ओसरीत पापड वाळत घालत असताना त्यांच्या हाताला काहीतरी डसलं होतं. घटकाभरात हात कोपरापर्यंत सुजला. लगेच पाची थोर जमले आणि निकालही लगेच लागला. गावातली प्रत्येक चावरी आजच जाळायची, आणि सुरुवात साळूच्या मडक्यापासून करायची. कारण तिथे चावऱ्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साळू धावत आली.

“कारभारीकाका, काकींना कोण चावलं ते कुणी पाहिलं?”

“पाहायचं काय त्यात? हात बघ, भोपळा झालाय!”

“हात दिसतोय, काका. माशी कुठे दिसतेय?”

दुसरा थोर खाकरला. “तुझ्या वयाचे असताना आम्ही मोठ्यांपुढे मान वर करत नव्हतो.”

“म्हणूनच वर काय उडतंय, काय लटकतंय ते तुम्हाला कळत नाही,” साळू म्हणाली.

कुणीतरी मागे फिसकन हसलं. कारभाऱ्यांनी डोळे वटारले, पण इतक्या लोकांसमोर मुलीला नुसतं हाकलून देणंही बरं दिसेना. ते म्हणाले, “दिवस मावळेपर्यंत दाखव कोण चावलं ते. नाहीतर पलिते तयार आहेत.”

साळू आधी कारभारीणबाईंकडे गेली.

“आलीस? तुझ्याच माश्यांनी खाल्लं मला!” बाई कण्हत म्हणाल्या.

“हात दाखवा, काकी.”

साळूने हात उजेडात धरला. चार लाल ठिपके होते. तिने एकेक ठिपका निरखून पाहिला. कुठेही काटा रुतलेला नव्हता.

“किती माश्या होत्या?”

“एकच होती गं मेली! पण चारदा चावली.”

साळूचा चेहरा उजळला. “काकी, माझी सातेरी एकदाच चावते. तिची नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते आणि ती मरते. जीवच द्यावा लागतो, म्हणून ती उगाच कुणाला चावत नाही. ही मात्र चारदा चावून उडून गेली. बरं, तिचे पाय कसे होते?”

“पाय? मी जीव घेऊन पळत होते आणि तू मला पाय विचारतेस!” बाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी डोळे मिटले. “लोंबत होते. उडताना खाली दोरे सुटल्यासारखे. आणि कंबर… कंबर होती की नव्हती कोण जाणे, एवढी बारीक.”

साळूने गार पाण्याची घडी त्यांच्या हातावर ठेवली आणि ती बाहेर पडली.

विहिरीपाशी चिखलात तिला एक बारीक कमरेची माशी दिसली. काळी, पिवळ्या पायांची. साळू जवळ जाऊन बसली. ही कुंभारीण. एकटी राहते, एकटी राबते. तिने चिखलाची मोहरीएवढी गोळी वळली, ती तोंडात धरली आणि गुणगुणत भिंतीकडे गेली. गोळी थापली, पसरली, पुन्हा चिखलाकडे आली. चाक नाही, हात नाहीत, तरी तिची मडकी अशी गोल, की गावच्या कुंभाराने पाहत बसावं. साळू वीतभर अंतरावर बसली होती, पण कुंभारणीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

‘हिला भांडायला सवड कुठे आहे?’ साळूने मनात म्हटलं आणि ती उठली.

पुढे एका वाशाला भुंगा भोक पाडत होता. काळाभोर, निळ्या पंखांचा. अंगठ्याएवढा आणि नुसता जाडजूड. लोंबते पाय नाहीत की बारीक कंबर नाही. हाही नव्हे.

सूर्य कलला. साळू परत कारभाऱ्यांच्या घराकडे वळली. दूर तिच्या घराच्या दिशेने चौथा थोर पलिते घेऊन निघालेला दिसत होता.

तेवढ्यात कारभाऱ्यांच्या फाटकापाशी अगदी हलका आवाज आला, कुणी नखाने लाकूड खरवडावं तसा. पिवळ्या-तांबूस रंगाची एक चकचकीत माशी फाटकाचं जुनं लाकूड कुरतडत होती. गांधीलमाशी! ती लाकडाचा भुगा लाळेत मळते आणि त्याचा कागद करून घर बांधते. माशी उडाली. उडताना तिचे लांब पाय खाली लोंबत होते. साळू तिच्या मागे पळाली. माशी अंगण ओलांडून थेट कारभाऱ्यांच्या ओसरीत शिरली.

दारात कारभारी आडवे आले. “थांब! माझ्या घरात पोळं? रोज सारवलं जातं माझं घर!”

“तिने सारवण पाहून जागा नाही निवडली, काका. कोरडी जागा पाहिली.”

“एक पाऊल पुढे टाकलंस तर—”

“अहो, येऊ द्या तिला आत!” आतून कारभारीणबाई ओरडल्या. “हात माझा सुजलाय, तुमचा नाही!”

कारभारी बाजूला झाले.

ओसरीच्या आढ्याला एक जुना मेणा टांगलेला होता. कारभाऱ्यांची आई त्या झाकलेल्या पालखीत बसून या घरी नांदायला आली होती. घराण्याचा तो मान होता, म्हणून त्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. साळूने बोट दाखवलं. मेण्याच्या तळाला राखाडी कागदाची एक छत्री उलटी लटकत होती. छत्रीत शंभर खोल्या, सगळ्या एका मापाच्या. त्यावर दहा-बारा गांधीलमाश्या बसल्या होत्या. पापडांची खाट बरोबर खाली होती.

मागोमाग आलेल्या थोरांपैकी एकाने काठी उगारली.

“काठी खाली घ्या!” साळू दबक्या आवाजात म्हणाली. “घर मोडलं तर सगळ्या अंगावर येतील. हळूहळू मागे सरका.”

आयुष्यात पहिल्यांदा ते थोर एका मुलीचं ऐकून मागे सरकले.

“आता पलिते थांबवा, काका,” साळू म्हणाली.

पलिते थांबवायचे म्हणजे दोष आपल्या ओसरीत निघाला असं भर गावात सांगायचं. कारभाऱ्यांनी खाली पाहिलं, मग मावळतीकडे पाहिलं. सूर्य टेकायला आला होता.

कारभारीणबाई मात्र थांबल्या नाहीत. सुजलेला हात उराशी धरून त्या अनवाणी चालत सुटल्या. साळूच्या आधी त्या मडक्यापाशी पोचल्या. चौथा थोर पलिता भिंतीला लावणार, इतक्यात त्या मधे उभ्या राहिल्या.

“बाई, बाजूला व्हा. भाजेल.”

“गप उभा राहा. बघू दे मला.”

बाई वाकल्या. संध्याकाळच्या उन्हात सातेरी परतत होत्या. लहानशा, तपकिरी, लवदार. कुणाच्या मागच्या पायांवर फुलांतल्या पिवळ्या पिठाच्या गोळ्या होत्या, कुणाच्या केशरी. शेतावरून भारे घेऊन बाया घरी याव्यात तशा त्या एकीमागून एक आत शिरत होत्या. एक माशी बाईंच्या मनगटावर टेकली, दमल्यासारखी क्षणभर बसली आणि उडून मडक्यात गेली.

“इतक्या सुंदर असतात या?” बाई हळूच म्हणाल्या. मग ताठ उभ्या राहून त्यांनी गावाकडे तोंड केलं. “चावलं मला, साक्ष माझी. ह्या त्या नव्हेत. जिने डंख मारला, ती आमच्या मेण्याखाली राहते.”

मागून कारभारी पोचले होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी चौथ्या थोराच्या हातून पलिता घेतला आणि गुरांच्या पाण्यात बुडवला.

गांधीलमाश्यांनाही कुणी जाळलं नाही. साळूने ओसरीला दोर बांधला आणि सांगितलं, “थंडी पडली की पोळं रिकामं होईल. तोवर इथून कुणी जायचं नाही.” त्यामुळे थंडी पडेपर्यंत गावाचे थोरले कारभारी स्वतःच्या घरात मागच्या दाराने, वाकून शिरत होते. आणि विहिरीपाशी कारभारीणबाई शेजारणींना गोळा करून भिंतीकडे बोट दाखवत होत्या. “ही कुंभारीण बरं का. हिला हटकू नका, हिला काम आहे.”

तात्पर्य: डंखाची सूज सगळ्यांना दिसते, पण डंख कुणाचा हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कुणाचं घर जाळू नये.